हिमोफिलियासाठी डॉक्टरांची टीम जुळवताना या चुका टाळा

मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आहे अशी शंका आली की सातारा जिल्ह्यातल्या घरांची पहिली धाव पुण्याकडे असते. ते योग्यच आहे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर आठ कमी आहे की नऊ, आणि किती टक्के आहे, हे पक्कं करायला रक्तविकारतज्ज्ञ हवाच. घोळ होतो तो त्यानंतर. फाइल घरी येऊन कपाटात जाते आणि पाटण किंवा दहिवडीत रात्री गुडघा फुगला की समोरच्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. तज्ज्ञ पुण्यात असले तरी रक्तस्राव गावात होतो. म्हणून टीम जवळच्या माणसापासून बांधायला सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

गावच्या डॉक्टरांना सगळ्यात शेवटी सांगणं

फॅमिली डॉक्टरांना मूल बरं असताना भेटा. त्यांच्याकडे एक कागद देऊन ठेवा: हिमोफिलियाचा प्रकार, टक्केवारी, इन्हिबिटर (फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) आहे की नाही, मुलाचं वजन, शिरेतून कोणता फॅक्टर किती युनिट द्यायचा आणि तज्ज्ञांचा फोन नंबर. डोस वजनावर ठरतो आणि मूल तर वाढतच असतं, म्हणून हा कागद प्रत्येक तपासणीनंतर बदला.

त्यावर दोन गोष्टी ठळक लिहा. कमरेत किंवा दंडात, म्हणजे स्नायूत, इंजेक्शन द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायचं नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं. 'एक सुई मारा, म्हणजे लवकर बरं वाटेल' हा आग्रह बहुतेक वेळा आपलाच असतो, तो घरातल्या मोठ्यांनीही सोडायला हवा. लसी मात्र चुकवू नका. बारीक सुईने, शक्य असेल तिथे त्वचेखाली द्यायला सांगा आणि नंतर जागा पाच-दहा मिनिटं दाबून धरा.

फॅक्टर कुठे मिळेल हे रात्री शोधणं

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे. तिथे नुसती नोंद करून थांबू नका. तिथल्या सिस्टरना विचारा: केंद्र बंद झाल्यावर, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत फॅक्टर कॅज्युअल्टीत मिळतो का? फ्रिजची किल्ली कोणाकडे असते? माझ्या मते टीममधली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती ही सिस्टरच आहे. लहान मुलाची शीर पहिल्या प्रयत्नात सापडणं आणि पुढे आई-बाबांना घरी फॅक्टर द्यायला शिकवणं, दोन्ही तिच्याच हातात असतं.

सूज दिसेपर्यंत वाट बघू नका. सांध्यात मुंग्या येतात, तो ताठरतो, मूल म्हणतं 'आत काहीतरी होतंय'. तेव्हाच फॅक्टर द्यायचा, शक्यतो दोन तासांच्या आत. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत वेळ घालवू नका, आणि हे कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांना सांगताना संकोच करू नका. फॅक्टर नाहीच मिळाला आणि 'क्रायो (दात्याच्या रक्तातून वेगळा काढलेला घटक) लावू' असं कोणी म्हटलं, तर प्रकार सांगा: क्रायोमध्ये फॅक्टर आठ असतो, नऊ नसतो. घरी फॅक्टर ठेवत असाल तर फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

एकाचं दुसऱ्याला माहीत नसणं

दाताचे डॉक्टर, हाडाचे डॉक्टर, सर्जन यांच्याकडे आपण सुटे सुटे जातो आणि तिथेच गडबड होते. दात काढायचा असेल तर तारीख ठरण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलणं व्हायला हवं. फॅक्टर किती, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) किती दिवस, हे आधी लिहून घ्या.

पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखतंय, पाय सरळ होत नाही, असं झालं की अपेंडिक्सचा संशय येतो. हिमोफिलियात ते कमरेच्या आतल्या खोल स्नायूतलं रक्त असू शकतं. सोनोग्राफी होऊन रक्तविकारतज्ज्ञांशी फोन झाल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

एमिसिझुमॅबचं इंजेक्शन (फॅक्टर आठ कमी असलेल्यांना रक्तस्राव टाळण्यासाठी त्वचेखाली देतात ते) चालू असेल तर तेही प्रत्येकाला सांगा. या औषधाने एपीटीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि 'रक्त तर व्यवस्थित गोठतंय' असा गैरसमज होतो.

फिजिओथेरपिस्टऐवजी मालीश

सुजलेल्या गुडघ्याला हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेणं अजूनही थांबलेलं नाही. याने रक्तस्राव वाढतो. पुन्हा पुन्हा रक्त भरलं की सांध्याचं अस्तर जाड होतं, कूर्चा झिजते आणि विशीतच गुडघा वाकेनासा होतो. आधी फॅक्टर, विश्रांती, बर्फाचा शेक. रक्त थांबल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम. दुखत नसतानाही व्यायाम चालू ठेवायचे असतात, मांडीचे स्नायू मजबूत असले की गुडघ्याला आधार मिळतो.

फॅक्टर लागू पडत नाही तेव्हा

नेहमीचा डोस देऊनही सूज उतरत नसेल तर औषध निकृष्ट होतं असं धरून डोस वाढवत बसू नका. शरीराने फॅक्टरविरुद्ध इन्हिबिटर तयार केला असेल, त्याची तपासणी मागा. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात हा धोका जास्त असतो. इन्हिबिटर सापडला तर औषधच बदलावं लागतं.

घरातल्या बायकांना वगळणं

आजार आईकडून येतो म्हणून बोट आईकडे दाखवलं जातं. खरं तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हिमोफिलिया नसतो. दोष देणं थांबवा आणि तपासणी करा: आई, मावश्या, बहिणी. वाहक बाईचा, म्हणजे जिच्याकडून हा आजार मुलाकडे जाऊ शकतो तिचा, स्वतःचा फॅक्टरही कमी असू शकतो. पाळीत खूप रक्त जाणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं, ही त्याची खूण असू शकते.

म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञही टीममध्ये हवी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा सासरच्या डॉक्टरांइतकीच माहिती माहेरच्या डॉक्टरांना हवी. व्हॅक्यूम लावून बाळ ओढायचं नाही, नाळेच्या रक्ताचा नमुना फॅक्टरच्या तपासणीला पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत बाळाला स्नायूत सुई द्यायची नाही, हे सातव्या महिन्यातच त्यांना लिहून द्या.