जुन्या लाकडी कॅमेऱ्यावर ४ बाय ५ फिल्म लावून स्टुडिओ पोर्ट्रेट कसं काढावं

तालुक्याच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर अनेकदा एखादा लाकडी प्लेट कॅमेरा धूळ खात पडलेला असतो. बहुतेक वेळा हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचाचा. कधी विलायती, कधी केरळातल्या आलेप्पीत बनलेला ‘वागीश्वरी’. त्याच्या काचेच्या प्लेटा आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून तो दिवाणखान्यात शोभेला जाऊन बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याला ४ बाय ५ इंचाच्या शीट फिल्मचं (सुट्या तुकड्यांच्या फिल्मचं) होल्डर, म्हणजे फिल्म धरणारी सपाट पेटी, बसवणं हाताशी चांगला सुतार असेल तर अवघड नाही.

या सगळ्या कामात खरी सांभाळायची गोष्ट एकच. फोकस करताना जिच्यावर चित्र दिसतं ती मागची घासलेली (दुधी) काच जिथे असते, फोटो घेताना फिल्म नेमकी तिथेच आली पाहिजे. बाकी चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

आधी भाता तपासा

भाता म्हणजे लेन्स आणि मागची चौकट जोडणारा घड्यांचा भाग. खोली पूर्ण अंधारी करा, भाता पूर्ण ताणा आणि आत पेटता टॉर्च ठेवून बाहेरून चहूबाजूंनी बघा. छिद्रं असतील तर ती बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांवर दिसतात. बारीक छिद्रांवर कापडाच्या काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, मोठ्या फाटीवर पातळ काळं कापड रबर सोल्युशनने चिकटवा. भाता मिटताना तिथे अडतो का, तेही पाहा.

मागची फळी

जुनं प्लेट होल्डर ज्या खाचेत सरकतं, त्या खाचेच्या मापाची चांगल्या प्लायची फळी करून घ्या. तिच्या मध्यभागी ४ बाय ५ ची खिडकी कापा आणि मागून होल्डर घट्ट बसेल अशा दोन पट्ट्या लावा. होल्डर टेकतं तिथे काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली की फटीतून उजेड येत नाही. फक्त ती मखमल फिल्मचं अंतर वाढवणार नाही, अशा बेताने कडेला लावा.

आता मोजमाप. व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या टोकाला खोली मोजायची काडी असते, ती वापरा. कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीपासून काचेच्या घासलेल्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजा. घासलेली बाजू लेन्सकडे असायला हवी. दुरुस्तीत कुणी काच उलटी बसवली असेल तर आधी ती सरळ करा. मग होल्डरमध्ये एक रद्दी फिल्म घालून, फळीसकट, त्याच चौकटीपासून फिल्मपर्यंतचं अंतर मोजा. प्रमाणित ४ बाय ५ होल्डरच्या कडेपासून फिल्म साधारण ५ मिलिमीटर आत असते, त्यात फळीची जाडी येते. दोन्ही मापांत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काचेच्या चारही कोपऱ्यांखाली कार्डाच्या पट्ट्या घालून काच मागे न्या किंवा फळी तासून घ्या. एका बाजूला पट्टी जास्त झाली तर काच तिरकी बसते, म्हणून मोजणी चारही कोपऱ्यांवर करायची.

मग काचेवर पेन्सिलीने ४ बाय ५ चा आयत आखा. काच अजून हाफ प्लेटचीच आहे. आयत नसेल तर डोक्यावरची जागा हमखास चुकते.

सुतारकाम नको असेल तर आणखी एक वाट आहे. जुनं प्लेट होल्डर शाबूत असेल तर डार्करूमचा फोटो पेपर हाफ प्लेट मापाने कापा, मागे काचेच्या प्लेटएवढ्या जाडीचं पुठ्ठं द्या आणि तोच निगेटिव्ह म्हणून वापरा. होल्डरमधली स्प्रिंग प्लेटला पुढच्या कडेवर दाबते, त्यामुळे पेपर आपोआप जुन्या प्लेटच्या जागी येतो.

फिल्म कोणती

शिकायला आणि खिशाला परवडायला हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्म उत्तम. तिचा वेग, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८० आयएसओ धरून सुरुवात करा. विकत घेताना डिजिटल एक्स-रेच्या प्रिंटरसाठीची ड्राय फिल्म घेऊ नका, ती आपल्या कामाची नाही. ८ बाय १० च्या एका फिल्मचे चार तुकडे होतात, पण नेमके ४ बाय ५ कापले तर ते होल्डरमध्ये शिरत नाहीत. दोन्ही मापं दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवा. कापणं, होल्डर भरणं सगळं गडद लाल सेफलाइटखाली (या फिल्मला न बिघडवणाऱ्या दिव्याखाली) होतं. होल्डरच्या डार्क स्लाइडची (फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची) पांढरी कड बाहेर असेल तर फिल्म कोरी, काळी असेल तर वापरलेली. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

ही फिल्म लाल रंग जवळजवळ बघतच नाही. कुंकू काळं येतं, ओठ गडद होतात, मुरुमांचे डाग उठून दिसतात, निळा शर्ट फिकट पडतो. आपल्याकडची सावळी त्वचाही अपेक्षेपेक्षा गडद उतरते, म्हणून लाइट मीटर सांगतो त्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप जास्त उजेड द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर मात्र हा गुण सोन्यासारखा उतरतो.

एक्स्पोजर

लेन्स २१० मिलिमीटरची धरू. डोकं-खांदे मिळून अर्धा मीटर उंची सव्वाशे मिलिमीटरच्या फिल्मवर आणायची तर चेहरा लेन्सपासून साधारण एक मीटरवर येतो आणि भाता २६० मिलिमीटरच्या आसपास ताणला जातो. भाता ताणला की फिल्मपर्यंत पोचणारा उजेड कमी होतो. ताणलेल्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. इथे तो दीडपट येतो, म्हणजे एक्स्पोजर दीडपट करायचं.

जुन्या लेन्सला शटर नसेल तरी बिघडत नाही, टोपण पुरतं. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. खिडकीच्या उजेडात लाइट मीटरवर १०० आयएसओला एफ/८ वर १/८ सेकंद येत असेल, तर एफ/१६ वर या फिल्मला, भात्याचा हिशोब धरून, साधारण १ सेकंद लागतो. तो हाताने मोजता येतो. पेपर निगेटिव्हचा वेग ६ आयएसओच्या आसपास, त्याला त्याच उजेडात एफ/८ वर ३ सेकंद द्यावे लागतात. फ्लॅश असेल तर आणखी सोपं. खोली अंधारी करा, टोपण काढा, फ्लॅश उडवा, टोपण लावा.

माणूस बसवताना

या अंतरावर एफ/८ ला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, सगळी मिळून ३ सेंटीमीटर असते, एफ/१६ ला दुप्पट. डोळा साधला तर कान जातो, जाऊ द्या. फोकस नेहमी कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर, भिंगाने बघून. पाठ असलेली खुर्ची द्या, शक्य असेल तर डोक्यामागे आधार ठेवा. स्टँडला एक दोरी बांधा आणि तिची गाठ बसलेल्या माणसाच्या हनुवटीला टेकेल एवढी लांबी ठरवा. फोकस झाल्यावर तो पुढे-मागे झाला असेल तर गाठ लगेच सांगते. दोरी काढायची ती टोपण काढायच्या क्षणी.

क्रम असा: काचेवर चित्र उलटं पाहून चौकट लावा, फोकस करा, टोपण लावा, लेन्स एफ/१६ वर न्या, होल्डर सरकवा, हनुवटी तपासा, डार्क स्लाइड काढा आणि एक-दोन क्षण थांबा. होल्डर बसवताना कॅमेरा हललेला असतो. मग टोपण काढा आणि मोजा. त्या वेळी बसलेल्या माणसाला “हसा” म्हणू नका. श्वास सोडून स्वस्थ बसायला सांगा, एका सेकंदाचं पोर्ट्रेट तेवढ्यानेच चांगलं येतं. स्लाइड परत घालताना काळी कड बाहेर.

डेव्हलपिंग

एक्स-रे फिल्मला सहसा दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं आणि ओलं असताना ते नखाने, ट्रेच्या तळाने, कशानेही ओरखडतं. म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच फिल्म धुवा. रोडिनल हा डेव्हलपर १:१०० (एक भाग डेव्हलपर, शंभर भाग पाणी) पुरतो. लाल उजेडात चेहऱ्याची सावली उमटताना बघत थांबायचं. मात्र तापमान २० ते २२ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांवर असतं, तेव्हा मोठ्या ट्रेमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवून त्यात डेव्हलपरचा ट्रे बसवा. फिक्सरनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणानंतर) वाहत्या पाण्यात धुऊन फिल्म एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगा, आणि सुकेपर्यंत पाण्याचे थेंब बोटाने पुसायला जाऊ नका.