हगवण लागलेलं वासरू: आधी मानेचा चिमटा घ्या

वासराला पांढरी, पातळ हगवण लागली की आपण औषध शोधत बसतो. पण वासरू दगावतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून आधी पाणी किती गेलंय ते बघा.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी उभी राहिली, डोळे खोल गेले, तर पाणी बरंच कमी झालंय. मग बोट तोंडात घाला. बोट चोखतंय का? तोंड गार लागतंय का?

चोखत असेल तर मेडिकलमधली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, कोमट करून पाजा. एका वेळी दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. चाळीस किलोच्या वासराच्या अंगातून आठ टक्के पाणी गेलं म्हणजे तीन लिटरच्या वर तूट, त्यामुळे वाटीभर पाजून भागत नाही. दूध बंद करू नका (आमच्याकडे दूध तोडायचा सल्ला हमखास मिळतो). फक्त ओआरएस दुधात मिसळू नका, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

बोट चोखत नसेल, तोंड गार लागत असेल, आडवं पडलं असेल, तर बाटलीनं बळजबरी पाजू नका, फुफ्फुसात जातं. तिथे शिरेतून सलाईनच लागतं. डॉक्टर येईपर्यंत खाली कोरडं गवत, अंगावर पोतं.