‘ट्यूशन फी’ म्हणजे क्लासची फी नव्हे: पावती वाचताना या चुका टाळा

आंब्याचा हिशोब मेअखेर होतो आणि जूनमध्ये फीची धावपळ सुरू होते. कॉलेजच्या पावतीवर ‘ट्यूशन फी’ दिसली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी पालक विचारतात, “मुलगा ट्यूशनला जातच नाही, मग हे कसले पैसे?” आपल्याकडे ट्यूशन म्हणजे खासगी शिकवणी. पावतीवर मात्र तो शब्द शिक्षण शुल्कासाठी, म्हणजे वर्गातल्या शिकवण्याच्या मोबदल्यासाठी येतो. मूळ लॅटिन ‘तुइतिओ’, अर्थ राखण, सांभाळ. इंग्रजीत तो आधी पालकत्वासाठी वापरला गेला, मग शिकवण्यासाठी, आणि पुढे त्याच्या फीसाठीही.

‘शुल्क’ दुसऱ्या वाटेने आला. अमरकोशात घाटावर द्यायच्या पैशाला शुल्क म्हटलंय, कौटिल्याचा शुल्काध्यक्ष जकात घेणारा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं भाडं त्या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ आहे. म्हणूनच हा शब्द परीक्षा, विकास, ग्रंथालय, सीमा अशा कशालाही जोडता येतो, आणि पावतीवर त्याच्या आधीचा शब्द वाचणं भाग आहे.

तो न वाचल्याचा सर्वांत मोठा फटका मुंबईतल्या चाकरमान्यांना बसतो. गावच्या शाळेची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ते सगळी रक्कम करवजावटीत दाखवतात. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80सी नुसार वजावट फक्त शिक्षण शुल्काला होती, तीही पूर्णवेळ शिक्षणासाठी, दोन मुलांपुरती आणि जुन्या करप्रणालीत. 80सी मधल्या सगळ्या गुंतवणुकी-खर्चांना मिळून मर्यादा 1,50,000 रुपये. विकास निधी, देणगी, बस, खासगी क्लास यातलं काहीच त्यात बसत नाही. आजोबांनी स्वतःच्या खात्यातून फी भरली असेल तर वडिलांना ती दाखवता येत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच बाबवार पावती मागा. एकाच ओळीत ‘एकूण फी’ लिहिलेल्या पावतीवरून पुढे कोणतीच बाब वेगळी काढता येत नाही.

‘मुलींना शंभर टक्के फी माफ’ हे वाक्यही अर्धवट ऐकलं जातं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यात नाही. दापोलीहून मुंबईला जाणाऱ्या मुलीच्या घरी तोच खर्च मोठा असतो, तेव्हा पैशांची जुळवाजुळव तो धरूनच करा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फीमाफीचा अर्ज भरण्याआधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हेही बघून घ्या.

पावतीवरची ‘अनामत’ ही फी नव्हेच, ती परत मिळणारी रक्कम. शाळा-कॉलेज सोडताना दाखल्याच्या अर्जासोबतच तीही मागा आणि त्यासाठी मूळ पावती जपून ठेवा.