ऑफशोअरच्या कामात नवे आहात? शब्द या क्रमाने शिका

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडच्या ऑफिसांत बसून समुद्रातले तेल-वायूचे प्लॅटफॉर्म डिझाइन करणारी बरीच मंडळी आहेत. त्यांतली मी एक, स्ट्रक्चरल विभागातली. दरवर्षी सिव्हिल नाहीतर मेकॅनिकल करून आलेली मुलं-मुली आमच्याकडे रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या हातात संज्ञांची लांबलचक यादी ठेवतं. ती पाठ करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. यार्डात जोडलेलं पोलाद समुद्राच्या तळावर उभं राहीपर्यंत ज्या क्रमाने जातं, त्याच क्रमाने हे शब्द शिकले की डोक्यात राहतात.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबई हायचं. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पाणी साधारण ७५ मीटर खोल, म्हणून तिथे तळावर उभे राहणारे प्लॅटफॉर्म चालतात. पाण्यातला नळ्यांचा सांगाडा म्हणजे जॅकेट, आणि त्याच्यावर बसणारे डेक, यंत्रं, पाइपिंग हे सगळं मिळून टॉपसाइड. जॅकेटच्या पायांतून किंवा पायांलगतच्या स्लीव्हमधून पोलादी पाइल तळात खोलवर ठोकतात. सगळा भार शेवटी जमिनीत उतरतो तो या पाइलमधून. पाइल ठोकून होईपर्यंत जॅकेट मडमॅटच्या, म्हणजे तळाशी बसवलेल्या रुंद सपाट पाटांच्या, आधाराने नुसतं तळावर टेकलेलं असतं. त्या मधल्या काळात लाट आली तर ते सरकेल का, कलंडेल का, हे तपासणं म्हणजे ऑन-बॉटम स्टॅबिलिटी.

आता प्रवास. मोठं जॅकेट यार्डात आडवं बांधतात. तयार झालं की स्किडवरून (घसरवायच्या रुळांवरून) ओढत किंवा बहुचाकी ट्रेलरवरून बार्जवर, म्हणजे सपाट डेकच्या मालवाहू नौकेवर, चढवतात, ते लोड-आउट. वजन बार्जवर येत जाईल तसं बार्जमधलं पाणी पंपाने कमी-जास्त करून तिची पातळी धक्क्याशी जुळवून ठेवावी लागते, आणि भरती-ओहोटीही सांभाळावी लागते. मग जॅकेट बार्जला वेल्डिंगने जखडतात, ते सी-फास्टनिंग. वाटेत बार्ज डोलते, हेलकावते, वरखाली होते; त्या हालचालींचे भार ट्रान्सपोर्टेशन अ‍ॅनालिसिसमध्ये येतात. जागेवर पोहोचल्यावर जॅकेट क्रेनने उचलतात, नाहीतर बार्जवरून घसरवून पाण्यात सोडतात. या दुसऱ्या पद्धतीला लाँच म्हणतात. आडव्याचं उभं करणं म्हणजे अपएंडिंग. त्यानंतर पाइलिंग आणि ग्राउटिंग, म्हणजे पाइल आणि स्लीव्ह यांमधल्या फटीत सिमेंटचं मिश्रण भरणं.

यातली प्रत्येक पायरी आमच्यासाठी वेगळी लोड कंडिशन असते. नवी मुलं विचारतात, या ठिकाणी लाटेचा भार एवढा कमी असूनही हा मेंबर (सांगाड्यातली नळी) एवढा जाड का? उत्तर बहुतेक वेळा लोड-आउट किंवा लाँचमध्ये सापडतं. काही तासांच्या त्या भारासाठी त्याची जाडी ठरलेली असते. एवढं कळलं की लाँच ट्रस (ज्यावर जॅकेट घसरतं तो भाग), रॉकर आर्म (बार्जच्या टोकाचा झुकणारा आधार), पॅडआय आणि ट्रनियन (उचलताना स्लिंग अडकवायच्या जागा) हे शब्द आपोआप आपापल्या जागी बसतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो वजनात. ड्राय वेट म्हणजे यंत्रांत आणि पाइपांत द्रव नसतानाचं वजन, ऑपरेटिंग वेट म्हणजे सगळं भरून चालू असतानाचं. लिफ्ट वेटमध्ये अनिश्चिततेसाठीची वाढ धरतात, आणि स्लिंग, शॅकल, स्प्रेडर बार या उचलायच्या सामानाचं वजन व उचलतानाच्या झटक्यांचा गुणक जमेस धरला की हुक लोड होतो. कोणी नुसतं ‘मॉड्यूल ८०० टनांचं आहे’ म्हणालं, तर कुठले ८०० टन हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रेन जितकी लांब पोहोचवावी तितकी तिची क्षमता घटते, त्यामुळे या आकड्यावर कुठली क्रेन-बार्ज लागणार हे ठरतं, आणि बार्जवर खर्च.

ड्रॉइंगवरची उंची कुठून मोजली आहे, तेही पाहा. समुद्रात जमिनीची पातळी नसते. उंची चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांतली खोली जिथून मोजतात ती ओहोटीची पातळी) किंवा सरासरी समुद्रपातळीपासून धरतात. बाणाने दाखवलेली उत्तर बहुधा प्लॅटफॉर्म नॉर्थ, म्हणजे ड्रॉइंगच्या सोयीसाठी मानलेली उत्तर, असते, खरी उत्तर तिच्यापासून काही अंशांनी वेगळी असू शकते. लाटांच्या दिशा मात्र खऱ्या उत्तरेवरून दिलेल्या असतात. शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित लाटेचा माथा आणि सगळ्यात खालचा डेक यांतलं अंतर म्हणजे एअर गॅप. एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, जुना रूढ संकेत किमान दीड मीटरचा. लाटांनी कधी ओला, कधी कोरडा होणारा पट्टा म्हणजे स्प्लॅश झोन. सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः झिजून पोलादाला गंजण्यापासून वाचवणारा धातूचा ठोकळा, सतत पाण्यात असेल तरच काम करतो, म्हणून या पट्ट्यात जास्तीची जाडी आणि चांगलं कोटिंग लागतं.

रायझर हा शब्द मात्र मी कधी घाईत शिकवत नाही. तळावरची पाइपलाइन प्लॅटफॉर्मवर आणणारा उभा पाइप, एवढंच त्याचं वर्णन. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर एक सपोर्ट जहाज आदळलं, गॅसच्या रायझरला धक्का बसला आणि आग लागली. २२ माणसं गेली, प्लॅटफॉर्म जळून गेला. रायझर जॅकेटच्या आत की बाहेर, बोट लँडिंग (बोटी लागायची जागा) त्याच्यापासून किती दूर, रायझर गार्ड कुठल्या जहाजासाठी डिझाइन केला आहे, हे प्रश्न ड्रॉइंग तपासताना तुमच्या तोंडात असलेच पाहिजेत.

पाइपलाइनचे शब्द त्यामानाने सोपे. एस-ले, स्टिंगर, फायरिंग लाइन, फील्ड जॉइंट, स्पूल, टाय-इन: ले-बार्जचा, म्हणजे समुद्रात पाइपलाइन टाकणाऱ्या बार्जचा, एक चांगला व्हिडिओ लक्ष देऊन पाहिलात तर यांतले बहुतेक ओळखीचे होतील.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून बसवण्याची कामं साधारण ऑक्टोबर ते मे या हंगामात उरकतात. सीझन चुकला की काम पुढच्या वर्षावर जातं. पुण्यातल्या ऑफिसात जानेवारीत ड्रॉइंगसाठी घाई का चालते, ते इथून कळतं.

यार्डात जायची संधी मिळाली तर सोडू नका. गुजरातमधल्या हझिऱ्याच्या यार्डात न्या म्हणून स्वतःहून मागे लागा. तिथे खलाश्यांच्या गँगजवळ, पण क्रेनच्या टप्प्याबाहेर उभं राहून ऐका: ‘हबेस’ म्हणजे वर घे, ‘आर्या’ म्हणजे खाली सोड. ऑफिसात राहिलात तर तुमच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशन सीक्वेन्सची ड्रॉइंग मागून घ्या. एकेका चित्रापुढे लिहा: जॅकेट आत्ता कशावर टेकलं आहे, कोण त्याला धरून आहे, आणि भार कुठून येतो आहे. मग तो कागद घेऊन सीनिअरकडे जा आणि जिथे अडलं असेल तिथे विचारा.