कॅम्पसवर तापलेल्या विषयावर चर्चा ठेवायचीय? मग हे वाचा

आरक्षण असो नाहीतर फीवाढ, आधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर पोचचा शिक्का घ्याच, तोंडी "हो" ऐनवेळी कुणाला आठवत नाही. राज्यघटनेचं कलम 19(1)(a) बोलायचं स्वातंत्र्य देतं, 19(2) मध्ये बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे मर्यादा आहेत, पण 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार कितीही झोंबला तरी चालतो, प्रश्न येतो तो चिथावणी दिली की. हे सुरुवातीलाच सगळ्यांना वाचून दाखवा.

सूत्रसंचालक दोन्ही बाजूंना चालणारा हवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येकाला तीन मिनिटं, मोबाईलचा टायमर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, "तुझं म्हणणं असंय ना की..." आणि तो हो म्हणाला की मगच पुढे, याने अर्धी भांडणं तिथेच मिटतात खरंच. कुणी जातीवर, आईबापावर घसरला तर लगेच थांबवा, "मुद्द्यावर बोल" एवढंच, लेक्चर नको.

माईक आधी फर्स्ट इयरवाल्यांना द्या, सीनियर बोलले की ती पोरं गप्प बसतात. रेकॉर्डिंगचं आधीच ठरवा, करणार असाल तर पूर्ण व्हिडिओच टाका, कापलेली क्लिप नाही.