जुनी पेट्रोल गाडी विजेवर चालवायची, तर आधी तळ आणि ब्रेक तपासा

जुनी पेट्रोल गाडी विजेवर चालणारी करायची असेल, तर मोटर-बॅटरीच्या किटची चौकशी करण्याआधी गाडीचा तळ तपासावा. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि लांबलेल्या पावसात गंज तिथेच आधी धरतो, आणि बॅटरीचे वजनही त्याच सांगाड्यावर येणार असते. गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, पायाखालचे मॅट काढावेत आणि सस्पेन्शनच्या जोडांजवळचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेले, तर आधी वेल्डिंग, मगच पुढचे काम.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिनच्या इनटेकमधील (हवा आत ओढणाऱ्या मार्गातील) निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे इंजिन काढल्यावर पेडल कमालीचे जड होते. त्यासाठी विजेवरचा व्हॅक्यूम पंप, छोटी टाकी आणि निर्वात कमी पडल्यास इशारा देणारा दिवा बसवावाच लागतो. मोटरच्या रिजनरेटिव्ह ब्रेकिंगवर (गाडी मंदावताना मोटरने वीज तयार करून बॅटरीत भरण्यावर) विसंबून राहू नये, कारण बॅटरी पूर्ण भरलेली असताना ते जवळजवळ काम करत नाही आणि चोर्ला घाट उतरताना सारा भार पेडलवरच येतो.

तपासणी आणि दुरुस्तीची तयारी घरी करता येते. मात्र मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावे आणि बदलाची नोंद आरटीओमध्ये आरसीवर करून घ्यावी.