मासा टोचतो, पण लागत नाही? थंडीत तलावावर गळ टाकताना

येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) झाली की आमच्याकडे तलावावरची गर्दी ओसरते. दसरा-दिवाळीत हौसेने काठ्या घेऊन आलेले लोक "आता मासा खात नाही" म्हणत हुरड्याच्या मागे लागतात. ते अर्धंच खरं आहे. मासा खातो, पण इतकं हळू खातो की आपल्याला पत्ता लागत नाही. दिवसभरात दहादा तरंगा (तंगुसाला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी काडी) हलतो, दहादा आपण काठी ओढतो आणि दहादा कणीक गेलेला रिकामा गळ वर येतो. त्या रिकाम्या गळावरचा हा इलाज.

आधी माशाच्या बाजूने बघू. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर उतरतं. पाणी गारठलं की पचन मंदावतं आणि भूक कमी होते. वरच्या थरात खाणारा कटला जवळजवळ दिसेनासा होतो. रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी सुस्त फिरत राहतात. हे मासे आमिष चावत नाहीत. पाण्यासकट तोंडात ओढून घेतात, चव बघतात आणि काही खटकलं तर फुंकून टाकतात. ऑक्टोबरात रोहू घास घेऊन चालू लागतो, त्यामुळे तरंगा सरळ बुडतो आणि डुलकी घेणाऱ्यालाही मासा लागतो. जानेवारीत तो जागचा हलत नाही. घास आत ओढला आणि बाहेर फुंकला, यांच्यामध्ये जो क्षण असतो तेवढाच आपला.

जाण्याआधी

मराठवाड्यातले बहुतेक तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठावरच्या भोई मंडळींना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. विचारलं तर बहुतेकदा हो म्हणतात, वर कुठे बसायचं तेही सांगतात. पैठणच्या नाथसागराचं तर वेगळंच आहे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांची दाटी असते. तिथे वनखात्याची परवानगी नसेल तर काठी गाडीतून काढूच नका.

जागा आणि वेळ

पहाटे जायची सवय थंडीपुरती सोडा. पारा आठ-नऊवर असताना सहाला जाऊन फक्त हातपाय गारठतात. अकरा ते चार हा खरा वेळ. उत्तरेकडचा काठ धरा, म्हणजे दक्षिणेकडून कललेलं ऊन त्या पाण्यावर दिवसभर पडतं आणि पाठीमागच्या चढामुळे गार वाराही अडतो. काळ्या दगडाचा उथळ भाग आणि त्याला लागून एकदम खोल होणारं पाणी मिळालं तर आणखी काही शोधू नका. दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं की रात्रीची थंडी कमी होते. हरभऱ्यावर घाटेअळी येईल म्हणून शेतकरी अशा हवेला शिव्या देतो. गळवाल्याने मात्र त्याच दिवशी रजा टाकावी. (मी दोन्ही आहे, त्यामुळे शिव्या देत देत जातो.)

तळाचा अंदाज उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी मांजरा धरणाचा कोरडा तळ मी पायी फिरून बघितला होता. जुन्या विहिरीचं कडं, बाभळीची खोडं, नदीच्या मूळ पात्राची कड, सगळं उघडं पडलं होतं. दुष्काळाने दिलेला तो नकाशा मला आजही पुरतो. तुमच्याकडे असा नकाशा नसेल तर गळाला शिशाचा गोळा अडकवून दहा-बारा ठिकाणी खोली मोजा. आणि रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी रोज थोडं मागे सरकतं, म्हणून कालची खोली आज धरून चालू नका.

गळ, तंगूस, तरंगा

गळाची धार आधी बघा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. टोक नखात रुतून थांबलं तर ठीक, घसरलं तर गळ बोथट आहे. बारीक कानशीने मुळाकडून टोकाकडे दोन-चार वेळा घासा किंवा सरळ नवा लावा. नवा गळसुद्धा पुडीतून काढल्यावर एकदा नखावर बघावाच. पावसाळ्यात मासा स्वतःच्या जोराने बोथट गळावरही अडकतो. थंडीत तो जोर नसतो, म्हणून टोकानेच आत शिरलं पाहिजे.

गळ लहान वापरा. नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक. एरवी सहा नंबर लावत असाल तर आता दहा-बारा लावा. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोही बारीक हवा. गळाजवळचा हातभर तुकडा ०.२० मिलिमीटरच्या आसपासचा असला की घास पाण्यात मोकळा हलतो आणि माशाला ओढून घेताना अडत नाही. जाड तंगूस कडक तारेसारखा वागतो, घास तोंडापर्यंत जाऊच देत नाही.

तरंग्याच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात. दुकानातला सुपारीएवढा लाल-पांढरा गोळा बुडवायला जेवढा जोर लागतो, तेवढा जोर जानेवारीतला मासा लावतच नाही. मोरपिसाची काडी उत्तम. ती नसेल तर ज्वारीच्या धांड्याचा शेंड्याकडचा बारीक, वीतभर तुकडा घ्या आणि नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर तासाभरात तो पाणी पितो. मग घरीच बादलीत काडी सोडून शिशाचे बारीक दाणे एकेक करून वाढवा. वर फक्त नखभर टोक उरलं की थांबा. शेवटचा दाणा गळापासून चार बोटांवर लावा आणि खोली अशी ठेवा की तो दाणा तळाला न टेकता जेमतेम वर लटकेल आणि घास तळावर बसेल. असं का, ते पुढे येतं.

घास

थंड पाण्यात कणीक घट्ट होते. मग हिसका दिला तरी टोक तिच्यातून बाहेर येत नाही, आणि आपल्याला वाटतं मासा सुटला. म्हणून कणीक नेहमीपेक्षा सैल मळा, तेल घालू नका, आणि तिच्यात भाजून कुटलेली शेंगदाणा पेंड व चिमूटभर हिंग घाला. गोळी वाटाण्याएवढी पुरे, आणि गळाचं टोक तिच्याबाहेर दिसलं पाहिजे. गांडूळ लावायचं तर अख्खं नको, बोटाच्या पेराएवढा तुकडा. पाण्यात फेकायचा चाराही मूठभरच. पोट भरलेला मासा तुमच्या गळाकडे बघत नाही.

हिसका कधी द्यायचा

मी शिकत होतो तेव्हा तरंगा पूर्ण बुडायची वाट बघत बसायचो. शेजारी जाळं विणत बसलेले एक म्हातारे भोई काका अर्धा तास माझा तमाशा बघून म्हणाले, "मासा जेवून उठला की लेकरा, तू काय बघायलास?"

बघायचं ते असं. सगळ्यात खात्रीचा इशारा म्हणजे तरंगा बुडत नाही, उलट बोटभर वर उठतो किंवा आडवा पडतो. माशाने तळावरचा घास उचलला, त्याबरोबर शेवटचा दाणाही उचलला गेला आणि तरंग्यावरचा भार कमी झाला. घास याच घटकेला तोंडात असतो. दाणा गळाजवळ लावायला सांगितला तो यासाठीच. दुसरा इशारा, तरंगा जागच्या जागी थबकतो. बाकी पाणी वाऱ्याने सरकतंय आणि हा मात्र उभा. तिसरा, संथ तिरकं सरकणं. तिन्हींवर लगेच हिसका द्या. नुसती थरथर असेल तर थांबा, ते चिलापीचं पिल्लू कणीक कुरतडत असतं.

हिसका म्हणजे खांद्यातून ओढणं नव्हे. मनगटाची वीतभर उचल पुरते, पण तंगूस ताणलेला असेल तरच. वाऱ्याने पाण्यावर तंगुसाला झोळ पडला असेल तर तुमची अर्धी उचल तो झोळ काढण्यात जाते. म्हणून गळ टाकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवा, रीळ दोन-तीन वेळा फिरवा, म्हणजे तंगूस पाण्याखाली सरळ होतो. काठी तरंग्याच्या दिशेने ठेवा आणि हात काठीवरच असू द्या. चहा मासा लागल्यावर.

डोंगरातल्या थंड तळ्यांत ट्राउट धरणारेही हेच करतात. ते पीस-दोऱ्याची खोटी माशी वापरतात आणि थंडीत ती पाण्यातल्या बारीक अळ्यांसारखी तरंग्याखाली निश्चल लटकवतात. दोरी सरळ, नजर तरंग्यावर. आपल्याकडे ट्राउट एक उन्हाळासुद्धा काढणार नाही, पण त्या लोकांची शिस्त उचलण्यासारखी आहे.

मासा लागल्यावर घाई नको. रोहू-मृगळाचे ओठ मऊ असतात, जोर केला तर फाटतात. काठी वाकलेली ठेवा, त्याला दमू द्या आणि जाळीत घ्या. जाळी घेऊन पाण्यात मात्र उतरू नका. पाणी हटलेल्या काठाला वरून सुकलेली पापडी आणि खाली मांडीभर गाळ असतो. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, बगळ्यांच्या पायात अडकतो.

आणि गळ रिकामा आलाच तर तो नीट बघा. गोळी जशीच्या तशी असेल तर हिसका लवकर झाला किंवा कणीक घट्ट आहे. गोळी साफ गेली असेल तर उशीर झाला, नाहीतर तंगूस ढिला होता. टोकाला खवला अडकून आला तर माशाने घास घेतलाच नव्हता, तो तंगुसाला घासून गेला. मासे तळाच्या वर आलेत. खोली वीतभर कमी करा आणि त्याच जागी पुन्हा टाका.